मार्चचं हिमवादळ: बर्फाआधी वाऱ्याची तयारी

मार्चमधलं हिमवादळ येण्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेतल्या डेन्व्हर, ओमाहा किंवा विचिटात बहुतेक वेळा छान ऊन पडलेलं असतं. दक्षिणेकडून उबदार वारा येतो, माणसं जॅकेट काढून अंगणात बसतात, मुलं सायकली बाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस, दुपारपर्यंत त्याचा बर्फ, आणि संध्याकाळी समोरच्या घराचा दिवा दिसेनासा होतो. जानेवारीत उणे वीस अंशांच्या थंडीत माणूस आपोआप सावध असतो. मार्चमध्ये मात्र हिवाळा सरला असं धरून गाडीतलं फावडं गराजमध्ये परत गेलेलं असतं. अडकतात ते बहुतेक याच समजुतीमुळे.

कॉलोराडोच्या पूर्व भागापासून कॅन्सस, नेब्रास्का, दोन्ही डकोटा आणि पश्चिम मिनेसोटापर्यंतच्या सपाट मुलखात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी घरांसाठी ही माहिती आहे. या प्रदेशात "किती इंच बर्फ?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न वाऱ्याचा.

हे वादळ बनतं कसं

पॅसिफिककडून येणारा हवेच्या वरच्या थरातला प्रवाह रॉकी पर्वत ओलांडून पूर्वेला उतरतो, तेव्हा कॉलोराडोच्या आग्नेय भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. मार्च-एप्रिलमध्ये त्याला मेक्सिकोच्या आखाताकडून भरपूर बाष्प मिळतं आणि कॅनडाकडून अजून न हटलेली थंड हवाही मिळते. दोन्ही एकदम हजर असल्यामुळे दाब झपाट्याने उतरतो. दाबातला फरक जितका मोठा तितका वारा जोराचा, आणि सपाट मुलखात त्याला अडवायला डोंगर नाही की जंगल नाही.

१३ मार्च २०१९ चं वादळ याचं ठळक उदाहरण. कॉलोराडोतल्या लामारजवळ दाब ९७० मिलिबारपर्यंत उतरला. डेन्व्हरमध्ये सकाळी पाऊस होता. दुपारपर्यंत विमानतळावर ताशी ८० मैलांचे, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरचे झोत नोंदवले गेले. कॉलोराडो स्प्रिंग्जच्या परिसरात हजाराच्या आसपास वाहनचालक रस्त्यांवर अडकले. त्या वर्षी पाडवा ६ एप्रिलला होता, आणि १० एप्रिलला याच मुलखावर पुन्हा तसंच वादळ आलं. पाडव्याचा कार्यक्रम ठरवताना हॉलची पर्यायी तारीख आधीच विचारून ठेवावी, ती याचसाठी.

वारा किंवा झोत ताशी ३५ मैल (५६ किमी) किंवा जास्त, पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या (सुमारे ४०० मीटर) पलीकडचं दिसत नाही, आणि ही स्थिती किमान तीन तास टिकते, तर अमेरिकेचं सरकारी हवामान खातं, म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिस, त्याला ब्लिझर्ड म्हणतं. या व्याख्येत बर्फाच्या इंचांचा उल्लेखच नाही. वर निळं आकाश असताना जमिनीवरचा कालचा भुसभुशीत बर्फ उडूनही ब्लिझर्ड होऊ शकतं.

अंदाज वाचताना कशाकडे बघायचं

फोनच्या अ‍ॅपमधलं बर्फाचं चित्र वाऱ्याबद्दल काही सांगत नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर आपला झिप कोड टाकून तासागणिक आलेख उघडा. आधी झोतांचा आकडा बघा. ३५ मैलांच्या वर दिसला की पुढचं सगळं गांभीर्याने घ्या. मग पाऊस किती वाजता बर्फात बदलणार ते बघा. ही वेळ सगळ्यात कामाची, कारण ओला रस्ता गोठतो तो याच तासा-दोन तासांत. बर्फाचे इंच सगळ्यात शेवटी.

"वॉच" म्हणजे वादळाची दाट शक्यता, साधारण एक ते तीन दिवस आधी दिली जाते. खरेदी आणि घराची कामं तेव्हाच उरकायची. "वॉर्निंग" म्हणजे ते येतंय किंवा सुरू झालंय. त्या वेळी दुकानात जायला निघू नये. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले तर बॅटरीवरचा वेदर रेडिओ उपयोगी पडतो. तो १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर चालतो, तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतो, आणि या भागात प्रत्येक घरात असावा.

प्रवासासाठी एक कडक नियम पाळा: पाऊस बर्फात बदलण्याच्या सहा तास आधी मुक्कामाला पोचत असाल तरच निघा. फ्लाइट, परीक्षा, कोणाचं डोहाळजेवण, काहीही असलं तरी हा नियम मोडू नये. आय-७० आणि आय-८० या महामार्गांवर वादळात चक्क फाटकं लावून रस्ता बंद करतात. मग जवळच्या छोट्या गावातलं एकुलतं हॉटेल तासाभरात भरतं. अशा वेळी फोनचा नकाशा शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांनी पर्यायी वाट दाखवतो. त्या वाटेने अजिबात जाऊ नका. मुख्य रस्ता बंद आहे म्हणजे त्या रस्त्यांवर बर्फ हटवणारा नांगर फिरलेला नाही, वस्ती नाही, आणि फोनला रेंज मिळेल याचीही खात्री नाही. ५११ या फोन क्रमांकावर किंवा राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर रस्त्याची खरी स्थिती कळते.

आदल्या दिवशीची घरातली कामं

सुरुवात घराच्या बाहेरून करा. झोका, कुंड्या, ग्रिल, कचऱ्याचे डबे, ट्रॅम्पोलीन, जे उडेल ते आत घ्या किंवा बांधा. मग घराभोवती फिरून दोन-तीन इंच जाडीचे पांढरे प्लास्टिकचे पाइप शोधा. नव्या पद्धतीच्या गॅस फर्नेसची (घर तापवणाऱ्या भट्टीची) हवा याच पाइपांतून आत येते आणि धूर बाहेर जातो. ते बऱ्याचदा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच असतात. वादळात घराच्या आडोशाच्या बाजूला वारा मंदावतो आणि उडणारा बर्फ तिथेच साठतो, त्यामुळे सहा इंच बर्फ पडूनही तिथे तीन फुटांचा ढीग होऊ शकतो. पाइप बुजला की फर्नेसमधला दाबाचा स्विच तो बंद पाडतो आणि मध्यरात्री घर थंड व्हायला लागतं. पाइपाची जागा आजच बघून फोटो काढा आणि जवळ एक उंच काठी रोवून ठेवा. अंधारात, उडत्या बर्फात तो शोधणं सोपं नसतं.

पाइप साफ केल्यावर फर्नेस आपण होऊन सुरू झाला नाही, तर त्याच्या शेजारचा, दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच मिनिटभर बंद करून पुन्हा लावा. तरीही तो पुन्हापुन्हा बंद पडत असेल तर स्विच खटखटवत बसू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

जुना फर्नेस किंवा गॅसचा वॉटर हीटर धुराड्याला जोडलेला असेल तर धोका वेगळा आहे. तिथे धूर घरात उलटू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवा. मागच्या बाजूची तारीख वाचा. हे अलार्म बनावटीनुसार साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतात, बटण दाबल्यावर "बीप" आला तरी. अलार्म वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना जाणवली तर "काहीतरी बाधलं असेल" असं समजू नका.

आणखी एक गैरसमज: "आपला फर्नेस गॅसचा आहे, वीज गेली तरी चालेल." चालत नाही. त्याचा पंखा आणि नियंत्रण विजेवर असतं. मार्चचा ओला बर्फ तारांना चिकटतो, वारा त्या तारा झुलवतो, आणि तारा तुटतात. दोन रात्री वीज नाही असं धरूनच तयारी करा.

प्रत्येकी दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं पाणी भरा. विहिरीवर पंप असेल तर बादल्याही भरा, कारण वीज गेली की पंप बंद. रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या हव्यात. खाण्याचं मराठी घराला फार शिकवायला नको: भाजलेले पोहे, दशम्या, लाडू, शेंगदाणे-गूळ, सातूचं पीठ, म्हणजे न शिजवता खाता येईल ते. भात-वरण आणि उकडलेले बटाटे वीज असतानाच करून ठेवा. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं अन्न चार तास टिकतं, आणि भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास गार राहतो.

एक फावडं घराच्या आत ठेवा. दार बाहेर उघडणारं असेल आणि समोर ढीग साचला, तर गराजमधल्या फावड्याचा काही उपयोग नाही. गराजचं दार वीज नसताना कसं उघडायचं (छताखालच्या रुळावर लोंबणारी लाल दोरी) हे घरातल्या सगळ्यांना करून दाखवा. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही दाखवा. घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. ९११ वर तोच सगळ्यात आधी सांगावा लागतो, आणि पाहुण्यांना तो पाठ नसतो.

गाडी

टाकी भरा, अर्धी आहे यावर समाधान मानू नका. काच धुण्याचं पाणी उणे २९ अंशांपर्यंत न गोठणारं हवं. उन्हाळ्याचं पाणी काचेवर पडताक्षणी गोठतं. गाडीत ठेवायचं सामान: प्रत्येकाला एक जाड रजई किंवा स्लीपिंग बॅग, लहान फावडं, चाकांखाली टाकायला वाळू किंवा कॅट लिटर (मांजराच्या शौचासाठीची माती), जंपर केबल, टॉर्च, लाल कापड, चार्ज केलेली पॉवर बँक, पाणी, सुकामेवा, जादा मोजे आणि हातमोजे. हे सामान डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेवा. बर्फात रुतलेल्या गाडीची डिकी उघडायला बाहेर पडावं लागतं, आणि तेच टाळायचं आहे.

आणि तरीही अडकलात तर?

गाडी सोडून पायी निघू नका. मार्च १९३१ मध्ये कॉलोराडोतल्या टाउनरजवळ शाळेची बस अशाच वादळात अडकली. चालक मदत शोधायला पायी निघाला आणि वाटेतच गोठून मेला. बसमधली पाच मुलंही दगावली. व्हाइटआउटमध्ये, म्हणजे उडत्या बर्फाने सगळं पांढरं होतं तेव्हा, पन्नास पावलांवरचं घर दिसत नाही, आणि डोळ्यांवर बर्फ मारत असला की माणूस सरळ चालत नाही. आसरा स्पष्ट दिसत असेल आणि तिथवर वाट मोकळी असेल, तरच उतरा.

पहिलं काम ९११ ला फोन: महामार्गाचा क्रमांक, दिशा, शेवटी दिसलेला मैलाचा दगड, गाडीत किती माणसं. मग आरशाला किंवा अँटेनाला लाल कापड बांधा. त्यानंतर एक्झॉस्ट पाइप बघा. त्याभोवतीचा बर्फ हातभर अंतरापर्यंत काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. बुजलेल्या पाइपातला धूर गाडीखालून आत येतो, आणि गाडीत बसल्याबसल्या झोप लागून माणसं गेली आहेत ती थंडीने नव्हे, या धुराने.

इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा. तेवढ्या वेळात हीटर लावा, फोन चार्ज करा, आतला दिवा लावा म्हणजे शोधणाऱ्यांना दिसेल. वाऱ्याच्या आडोशाकडची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण एक-दीड लिटर पेट्रोल पितं. दर तासाला दहाच मिनिटं चालवलं तर भरलेली टाकी आठवडाभरही पुरते, सतत चालवलं तर दीड-दोन दिवसांत संपते. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी पाइप पुन्हा तपासायचा. कंटाळून एक फेरी चुकवावीशी वाटते, पण बर्फ साचायला तेवढा तास पुरतो.

इलेक्ट्रिक गाडीत धुराचा प्रश्न नाही. पण आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा, आणि अडकल्यावर अख्ख्या गाडीची हवा तापवण्यापेक्षा सीटचा हीटर वापरा, बॅटरी पुष्कळ जास्त पुरते.

सगळ्यांनी एकदम झोपू नका. हातपाय हलवत राहा. तहान लागली म्हणून बर्फ तसाच खाऊ नका. तो वितळवायला शरीराची उष्णता खर्च होते, म्हणून बाटलीत भरून इंजिन चालू असताना वितळवा. दुसऱ्याची घसरलेली गाडी दिसली तर महामार्गावर उतरून मदतीला धावण्याआधी मागून काय येतंय ते बघा. १३ मार्च २०१९ ला आय-७६ वर असंच मदतीला थांबलेल्या एका महामार्ग पोलिसाचा मागून घसरत आलेल्या गाडीने जीव घेतला.

वादळ चालू असताना

जाळीचं बाहेरचं दार एकाच हाताने धरून उघडू नका. ताशी साठ मैलांचा झोत ते बिजागरीसकट उपटतो आणि धरलेला हातही पिरगळतो. वाऱ्याच्या आडोशाच्या दाराने बाहेर पडा, तेही फर्नेसचा पाइप साफ करायलाच, तीन-चार तासांतून एकदा. घराच्या भिंतीला हात लावून चाला. भिंत सुटणार असेल तर दाराच्या खांबाला दोरी बांधून दुसरं टोक कमरेला बांधा. गुरं सांभाळणारे शेतकरी गोठ्यापर्यंत अशीच दोरी लावत.

उणे १० अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला ते उणे २३ सारखं लागतं. सुती कपडे अंगाशी घालू नका. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, असं घाला.

वीज गेली तर सगळ्यांनी एका खोलीत या, शक्यतो दक्षिणेकडच्या आणि लहान. दाराच्या फटीत टॉवेल भरा, खिडक्यांवर रजया लावा. गॅसच्या शेगडीचा बर्नर बऱ्याच मॉडेलांत काडीने पेटतो, त्यावर चहा-खिचडी करा, पण घर तापवायला शेगडी किंवा ओव्हन लावू नका. कोळशाची शेगडी आणि ग्रिल घरात नाहीच, गराजचं दार उघडं ठेवूनही नाही. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, धूर खिडक्यांकडे जाणार नाही अशा बाजूला ठेवा.

वीज असेपर्यंत थर्मोस्टॅट १३ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांखालची कपाटं उघडा आणि ते नळ बारीक धारेने चालू ठेवा. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाकडून आतल्या दिशेने तापवत जा. उलट केलंत तर मध्ये अडकलेल्या पाण्याच्या दाबाने पाइप फुटतो. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे आधीच माहीत हवं.

कोणी भिजून कुडकुडत आलं, बोलताना जीभ जड होतेय, बटणं लावता येत नाहीत, तर ओले कपडे काढा, आधी छाती-पोट गरम करा, शुद्धीवर असेल तर गोड गरम दूध द्या आणि ९११ ला कळवा. ब्रँडी पाजू नका. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि अंगातली उष्णता आणखी निघून जाते. बोटं, नाक किंवा कान बधिर झाले तर चोळू नका, हीटरसमोर धरू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. आपल्या सावळ्या कातडीवर हिमबाधेचा फिकट रंग लवकर दिसत नाही. बधिरपणा आणि मेणासारखा स्पर्श हीच खूण धरा.

वादळ शमल्यावर

मार्चचा बर्फ जड असतो. तीस सेंटीमीटर ओला बर्फ एका चौरस मीटरवर सुमारे ४० किलो भरतो. सहा बाय दहा मीटरचा ड्राइव्हवे म्हणजे जवळजवळ अडीच टन. सकाळी उठून चहाही न घेता तो उचलायला जाणाऱ्याच्या हृदयावर एकदम ताण येतो. त्यात थंड हवेने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. पंचेचाळिशीच्या पुढचे, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले, आणि "मी शेतात कामं केलीत" म्हणणारे बाबा, या सगळ्यांना फावड्यापासून लांब ठेवा. शेजारचा कॉलेजचा मुलगा काही डॉलरमध्ये हे काम करतो. स्वतः करणार असाल तर उचलण्यापेक्षा ढकला, फावडं अर्धंच भरा, दर दहा मिनिटांनी थांबा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं तर फावडं तिथेच टाका आणि ९११ ला फोन करा.

स्नोब्लोअरच्या (बर्फ उडवून दूर फेकणाऱ्या यंत्राच्या) तोंडात बर्फ अडकला तर इंजिन बंद करूनही हात घालू नका. पट्ट्यातला ताण सुटतो आणि पातं एक फेरा फिरतं, बोटं जायला तेवढं पुरतं. लाकडी दांडा वापरा. गॅस मीटरवरचा बर्फ हाताने किंवा ब्रशने काढा, फावड्याने ठोकू नका. घरासमोरचा अग्निशमनाचा लाल नळ मोकळा करा. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं.

त्यानंतर बेसमेंटमध्ये जा. मार्च २०१९ च्या वादळाने नेब्रास्कात गोठलेल्या जमिनीवर पाऊस पाडला, साचलेला बर्फ वितळला, आणि पाणी जमिनीत मुरायला जागाच नव्हती. १४ मार्चला नायोब्रेरा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं. तुमच्या घराच्या पातळीवर हाच प्रश्न संप पंपाचा, म्हणजे बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा आहे. वादळानंतर तीन-चार दिवसांत तापमान दहा अंशांच्या वर जातं आणि भिंतीलगतचे सगळे ढीग एकदम वितळतात. म्हणून ढिगाऱ्यातला बर्फ भिंतीपासून चार-पाच फूट लांब ओढा, संप पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का बघा, आणि त्याचा बाहेरचा पाइप बर्फाने किंवा गोठलेल्या पाण्याने बंद नाही ना हे बाहेर जाऊन तपासा. पंप चालू असून पाइप बंद असेल तर पाणी खड्ड्यातच फिरत राहतं आणि मोटर जळते.